ओहोटीचं रान : प्रस्तावना

छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक समुद्रशेवाळांचं आहे. इंग्लंडमधल्या ॲना ॲटकिन्स यांनी 1843 मध्ये ते स्वतःच्या हातांनी करायला घेतलं. त्याच्या आदल्याच वर्षी जॉन हर्शेल यांनी लोहक्षार लावलेल्या कागदावर उन्हाने निळं चित्र उमटवण्याची रीत शोधली होती. ॲटकिन्स यांनी त्या कागदावर वाळवलेलं शेवाळ मांडलं, वरून काच दाबली, कागद उन्हात ठेवला आणि नंतर साध्या पाण्याने धुतला. शेवाळाने झाकलेला भाग पांढरा राहिला, उरलेला गडद निळा झाला. असे कागद ॲटकिन्स पुढची दहा वर्षं करत राहिल्या. मजकूरही त्यांच्याच हस्ताक्षरातला, त्याच निळ्या रीतीने उमटवलेला. इतक्या बारीक वस्तूंची हुबेहूब चित्रं हाताने काढणं अवघड, म्हणून हा मार्ग धरला, असं त्यांनी पुस्तकात सांगितलं आहे.

ती पानं पाहताना माणूस आधी नुसता थांबतो. मग ध्यानात येतं की शेवाळ त्या कागदावर इतकं खुललं याला कारण आहे. जमिनीवरच्या झाडाला स्वतःचा भार पेलावा लागतो, मुळांनी ओढलेलं पाणी शेंड्यापर्यंत चढवावं लागतं, पानांतून ओल उडून जाऊ नये म्हणून त्यांवर मेणाचा थर द्यावा लागतो. समुद्रात शेवाळाचा भार पाणी पेलतं. अन्नद्रव्यं ते सगळ्या अंगाने शोषून घेतं. खाली जे मुळासारखं दिसतं ते फक्त कातळाला धरून ठेवण्यापुरतं असतं. म्हणून शेवाळ पातळ, चपटं, लवचीक आणि उजेड आरपार जाईल असं राहू शकतं. लाट आली की तिच्याबरोबर झुकतं, ओसरली की पुन्हा उलगडतं. आपल्याला जे रूप मोहवतं तीच त्याची जगण्याची रीत आहे. हे पुस्तक लिहिताना मी हाच धागा धरला आहे: शेवाळाचं देखणेपण आणि किनाऱ्याच्या जीवनात त्याचं असलेलं काम या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

आपल्याकडे मात्र शेवाळाकडे पाहणारे डोळे थोडे. कोकणात खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळांत, उतरून कालवं काढणाऱ्या बायकांना कुठल्या कातळावर पाय घसरतो आणि कुठल्या शेवाळाखाली काय दडलेलं असतं हे पक्कं माहीत असतं. बाकीच्यांना शेवाळ दिसतं ते वाळूवर येऊन पडल्यावर, काळं पडलेलं आणि वास मारणारं. एखाद्या झाडाची ओळख त्याच्या पाचोळ्यावरून करून घ्यावी तसं हे झालं. शेवाळ पाहायचं तर त्याच्या जागी, त्याच्या ऋतूत, पाणी घोट्याशी असताना पाहायला हवं.

तो ऋतू पावसाळा संपल्यावर सुरू होतो. नद्यांनी आणलेला गाळ खाली बसतो, पाणी निवळतं, आणि आश्विन-कार्तिकापासून रत्नागिरी, कुणकेश्वर, मालवण, हणजूण इथल्या कातळांवर रंग चढायला लागतो. मार्गशीर्ष ते माघ हा भराचा काळ. वैशाखात ऊन आणि तापलेलं पाणी यांनी तेच कातळ बहुतेक उघडे पडतात. आश्विन ते माघ या चार-पाच महिन्यांत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी सकाळी पाणी दूरवर मागे नेते, तेव्हा एरवी बुडालेला पट्टा थोडा वेळ उघडा होतो. मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा, म्हणून तिथे हा पट्टा रुंद असतो. मालवणाकडे तो बराच अरुंद होतो. पण त्या अरुंद पट्ट्यातही पावलागणिक वस्ती बदलत जाते.

वरच्या अंगाला, जिथे ऊन आणि कोरडेपणा जास्त सोसावा लागतो, तिथे उल्वा असतं. हिरवंगार, जवळजवळ पारदर्शक, जाडी फक्त दोन पेशींची. खाडीच्या गोड्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा त्याला फारसा त्रास होत नाही, त्यामुळे मुंबईसारख्या शहराच्या किनाऱ्यावरही ते तगून राहतं. नुसतं उल्वाच दिसू लागलं आणि बाकीचं सगळं गायब झालं, तर पाण्यात काहीतरी बिघडलं आहे असं समजावं. थोडं खाली कातळातल्या डबक्यांत पादिना भेटतं, तपकिरी आणि पंख्याच्या आकाराचं. त्याच्या अंगावर चुन्याची पांढरी वर्तुळाकार वलयं असतात, कारण ते समुद्राच्या पाण्यातला चुना स्वतःवर साठवतं. त्याच्याच आसपास डिक्टिओटा, ज्याची प्रत्येक फांदी दोनात फुटते, पुन्हा दोनात फुटते. पाण्याखाली कोनातून उजेड पडला तर त्यातल्या काही जातींवर निळसर झाक चमकते. बाहेर काढताच ती झाक मावळते आणि हातात साधं तपकिरी शेवाळ उरतं. सुकवलेल्या नमुन्यांवरून लिहिलेली वर्णनं इथे अपुरी पडतात.

कॉलेर्पापाशी मी वाचकाला जरा जास्त वेळ थांबवलं आहे. कातळावर आडवं पसरणारं, वर कुठे द्राक्षाच्या घोसासारखं तर कुठे पिसासारखं उगवणारं हे हिरवं शेवाळ म्हणजे आतून सलग असलेली एकच पेशी आहे. हातभर पसरलं तरी मध्ये भिंती नाहीत. असंख्य केंद्रकं एकाच द्रवात वाहत असतात. जखम झाली की तिथला द्रव झटकन घट्ट होऊन तोंड बुजवतो. या शेवाळावर जगणाऱ्या चिमुकल्या हिरव्या समुद्री गोगलगायी त्याचा रस शोषतात, आणि त्यांतल्या काही जाती शेवाळातली हरितलवकं पचवून न टाकता स्वतःच्या अंगात जपून ठेवतात. वर्षानुवर्षं त्या डबक्यांवरून चालत गेलेल्या माणसालाही त्या दिसत नाहीत, कारण रंगाने त्या शेवाळाचाच भाग झालेल्या असतात.

सर्वांत खाली, ओहोटीच्या पाण्याच्या कडेला, सारगॅसम दाटतं. कोकणातल्या किनाऱ्याचं रान म्हणावं ते हेच. बारीक पानांसारखे अवयव, त्यांच्यामध्ये हवेचे गोल फुगे, त्या फुग्यांच्या जोरावर पाण्यात उभं राहिलेलं झुडूप. उन्हाळ्यात ते झडून जातं आणि पुष्कळदा कातळाला धरलेला बुंधा तेवढा मागे राहतो. पुढच्या हंगामात तिथूनच नवे फुटवे येतात. या झुडपांत कोळंबीसारखे बारीक जीव, खेकड्यांची पिल्लं, माशांची अंगठ्याएवढी पोरं आसऱ्याला असतात. मासा जाळ्यात येण्याजोगा होण्याआधी कुठेतरी लपून वाढलेला असतो, त्या जागांपैकी ही एक. मच्छीमाराच्या हिताची चर्चा होते तेव्हा बंदर, डिझेल आणि बर्फ यांच्याबरोबर या झुडपांचंही नाव निघायला हवं.

लाल शेवाळांना उजेडाचं निराळंच गणित साधलं आहे. पाण्यात खोल जावं तसा तांबडा उजेड आधी संपतो, निळा-हिरवा उरतो. लाल शेवाळातलं रंगद्रव्य नेमका हा उरलेला उजेड पकडतं. बहामा बेटांजवळ 1984 मध्ये शास्त्रज्ञांना 268 मीटर खोलीवर कातळावर चिकटून वाढणारं चुनखडी लाल शेवाळ सापडलं. माणसाच्या डोळ्यांना तिथे जवळजवळ अंधारच वाटेल. हे कूळ प्राचीनही विलक्षण आहे. चित्रकूटच्या परिसरातल्या सुमारे 160 कोटी वर्षं जुन्या खडकांत लाल शेवाळासारखे दिसणारे जीवाश्म मिळाल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. आज जिथे समुद्राचा मागमूस नाही, त्या मध्य भारतात एके काळी उथळ समुद्राच्या तळाशी हे जीव वाढत होते. जमिनीवर पहिलं झाड उभं राहायला त्यानंतर शंभर कोटींहून अधिक वर्षं जायची होती.

लाल शेवाळांपैकी एकाची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, कारण तिचं एक टोक आपल्या किनाऱ्यावर आहे. आषाढ-श्रावणात समुद्र खवळलेला असतो, होड्या ओढून वर ठेवलेल्या असतात, आणि लाटांचे तुषार जिथवर पोचतात त्या उंच कातळांवर जांभळट-तपकिरी, ओल्या पापुद्र्यासारखं एक शेवाळ उगवतं. हे पॉर्फायरा. कोकण-गोव्यापासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यावर ते पावसाळ्यात येतं आणि पाऊस सरला की नाहीसं होतं. याच कुळातल्या शेवाळाच्या वाळवलेल्या पातळ पानांना जपानमध्ये नोरी म्हणतात. सुशीभोवती गुंडाळलेली काळपट हिरवी चादर ती हीच. जपानचे कोळी शतकानुशतकं नोरीचं पीक घेत होते, पण ते उन्हाळ्यात जातं कुठे आणि परत येतं कुठून याचा त्यांना पत्ता नव्हता. मुळात बी हाती नसल्याने पीक येईल की बुडेल हे समुद्राच्या मर्जीवर. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ते फारच बुडालं.

कोडं सुटलं इंग्लंडमध्ये. कॅथलीन ड्रू-बेकर या मँचेस्टरला संशोधन करत. लग्न झालेल्या स्त्रीला नोकरीवर ठेवायचं नाही या त्या काळच्या नियमामुळे त्यांची अध्यापकाची जागा गेली होती, तरी त्यांनी काम सोडलं नाही. शिंपल्यांच्या आत भोकं पाडून राहणारं गुलाबी, धाग्यांसारखं एक शेवाळ शास्त्रज्ञांना ठाऊक होतं आणि ते स्वतंत्र जात म्हणून गणलं जाई. ड्रू-बेकर यांनी 1949 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की ती पॉर्फायराचीच दुसरी अवस्था आहे. पापुद्रा नाहीसा होतो तेव्हा त्याची पुढची पिढी शिंपल्यात दिवस काढत असते. जपानी शास्त्रज्ञांनी ही माहिती हाती घेतली, शिंपल्यांवर बी तयार करायची पद्धत बसवली, आणि नोरी हे भरवशाचं पीक झालं. ड्रू-बेकर 1957 मध्ये गेल्या. त्यांनी जपान कधी पाहिला नाही. कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे समुद्राकडे तोंड करून त्यांचं स्मारक उभं आहे आणि दर एप्रिलमध्ये तिथे लोक त्यांना वंदन करायला जमतात. ज्या शोधाने एका देशाच्या किनाऱ्याला पोट भरायचं साधन दिलं, तो शोध ओल्या शिंपल्यांकडे निरखून पाहण्यातून आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता केल्प. भारताच्या किनाऱ्यावर केल्प नाही, तरी या पुस्तकाचा मोठा भाग मी त्याला दिला आहे. केल्प म्हणजे तपकिरी शेवाळांतली महाकाय मंडळी. त्यांना थंड आणि अन्नद्रव्यांनी भरलेलं पाणी लागतं, म्हणून कॅलिफोर्निया, चिली, नॉर्वे, दक्षिण आफ्रिका, टास्मानिया असे त्यांचे मुलुख. राक्षसी केल्प तळापासून पृष्ठभागापर्यंत 40 मीटरहून अधिक वाढतं आणि चांगल्या दिवसांत चोवीस तासांत अर्धा मीटर लांबी गाठतं. केप टाउनजवळचं असं पाण्याखालचं जंगल ‘माय ऑक्टोपस टीचर’ या 2020 च्या माहितीपटातून आपल्याकडेही अनेकांनी पाहिलं आहे.

आणि केल्प आपल्यापासून वाटतं तितकं दूरही नाही. अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर, ओमानच्या धोफार किनाऱ्यावर, एक्लोनिया रेडियाटा ही केल्पची जात वाढते. इतक्या उष्ण मुलखात ती टिकते ती आपल्याच मोसमी वाऱ्यांमुळे. जूनमध्ये नैऋत्येकडून सुटलेला वारा ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहत पृष्ठभागावरचं कोमट पाणी समुद्रात दूर ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचं थंड, सकस पाणी वर येतं. ऐन उन्हाळ्यात तिथला समुद्र 20 अंशांच्या आसपास उतरतो. सह्याद्रीवर ढग आणणारा वारा वाटेत तिथे शेवाळांचं रान वाढवतो, आणि त्या रानावर ॲबलोनी नावाचा महागडा शिंपला पोसला जातो. कोकणातलं पॉर्फायरा आणि धोफारचं केल्प ही एकाच ऋतूची दोन रूपं आहेत.

केल्पचं रान काय सांभाळतं हे चार्ल्स डार्विन यांनी 1834 मध्येच ओळखलं होतं. बीगल जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, तिएरा देल फ्वेगोला होतं. केल्पचं एक गुंतलेलं मूळ हलवलं की मासे, शिंपले, खेकडे, तारामासे यांचा ढीग खाली पडतो, हे पाहून त्यांनी लिहिलं की एखाद्या देशातलं जमिनीवरचं जंगल नष्ट झालं तरी इथलं केल्प गेल्यावर मरतील इतक्या जाती मरणार नाहीत.

त्याचा पुरावा उत्तर प्रशांत महासागराने दिला. 1741 नंतर फरच्या व्यापाऱ्यांनी तिथल्या समुद्री पाणमांजरांची बेसुमार शिकार केली. 1911 च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांना संरक्षण मिळालं तोवर ती जेमतेम एक-दोन हजार उरली होती. पुढे काही बेटांवर ती परत वाढली, काहींवर नाही. जेम्स एस्टिस आणि जॉन पामिसानो या शास्त्रज्ञांनी अल्यूशियन बेटांवर हा फरक पाहिला आणि 1974 मध्ये मांडला: पाणमांजरं आहेत तिथे घनदाट केल्प, ती नाहीत तिथे काटेरी सी-अर्चिनांनी खाऊन उघडाबोडका केलेला तळ. पाणमांजर अर्चिन खातं, अर्चिन केल्प खातं, एवढी साधी साखळी. याच समुद्रात केल्प खाऊन जगणारी स्टेलरची समुद्रगाय होती, आपल्या मन्नारच्या आखातातल्या ड्युगाँगची अवाढव्य बहीण. युरोपीय माणसाच्या दृष्टीस पडल्यापासून सत्तावीस वर्षांत ती पृथ्वीवरून संपली.

आज शिकारीची जागा तापलेल्या पाण्याने घेतली आहे. 2011 मधल्या सागरी उष्णतेच्या लाटेने पश्चिम ऑस्ट्रेलियाचा सुमारे 100 किलोमीटरचा केल्पपट्टा गेला, आणि उष्ण पाण्यातले शाकाहारी मासे तिथे येऊन नवे कोंब खात राहिल्याने तो सावरला नाही. उत्तर कॅलिफोर्नियात 2013 पासून तारामाशांवर रोग आला, पाठोपाठ समुद्र तापला, तारामाशांचं भक्ष्य असलेले जांभळे अर्चिन मोकाट वाढले, आणि सुमारे 350 किलोमीटर किनाऱ्यावरचं 90 टक्क्यांहून अधिक बुल केल्प काही वर्षांत गेलं. या हानीचं माप घेता आलं ते आधीच्या नोंदी होत्या म्हणून. आधी किती होतं हे कुणी मोजून ठेवलेलं नसेल, तर गेलेल्याचा हिशेब लागत नाही.

म्हणून आपल्याकडे ज्यांनी नोंदी केल्या त्यांचं ऋण मोठं आहे. डेन्मार्कचे बोर्गेसेन 1927-28 मध्ये मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर हिंडले आणि त्यांनी इथल्या शेवाळांवर लेखमाला लिहिली. मद्रासला एम. ओ. पी. अय्यंगार यांनी भारतीय शैवालशास्त्राचा पाया घातला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. उंटवाले, डॉ. धारगळकर यांनी महाराष्ट्र-गोव्याच्या शेवाळांवर दीर्घकाळ काम केलं. भारताच्या किनाऱ्यावरून 800 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’सारख्या गटाने सामान्य नागरिकांना ओहोटीला खडकांवर नेऊन पाहायला शिकवलं, हेही तितकंच महत्त्वाचं.

उपयोगाबद्दल थोडं. घरात पुडिंगला घालतो ते चायना ग्रास म्हणजे लाल शेवाळातून काढलेलं अगर. 1881 मध्ये फॅनी हेसे यांनी आपल्या स्वयंपाकातला हा पदार्थ जंतू वाढवण्यासाठी सुचवला आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून तो जगभर गेला. आजही रोगजंतूंच्या तपासणीत तो वापरला जातो. तमिळनाडूत मंडपम-रामेश्वरमच्या बायका पाण्यात बुड्या मारून अगरसाठीचं शेवाळ काढतात, आणि त्यांनी स्वतःहून काढणीचे दिवस मर्यादित ठेवले आहेत. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळशेतीसाठी 640 कोटी रुपये ठेवले गेले. किनाऱ्यावरच्या स्त्रियांना यातून कमाई होणार असेल तर ती हवीच. पण कोणती जात लावायची हा प्रश्न पैशाआधीचा आहे. आग्नेय आशियातलं काप्पाफायकस मन्नारच्या आखातात शेतीसाठी आणलं गेलं आणि 2008 मध्ये कुरुसडै बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर पसरल्याची नोंद झाली. कोकणात शेवाळशेतीचे दोरखंड टाकण्याआधी इथल्याच जातींचा विचार व्हावा, आणि ज्या कातळांवर आज सारगॅसम उभं आहे ते मोकळे ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तकातली छायाचित्रं शक्य तिथे पाण्याखालची आहेत, आणि प्रत्येक शेवाळासोबत त्याचे शेजारीही दाखवले आहेत. पण हे पुस्तक घरात बसून वाचण्यापुरतं राहू नये. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, मार्गशीर्षात किंवा पौषात, भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून सकाळी आपल्या जवळच्या खडपात उतरा. कोळीवाड्यातल्या माणसाला विचारूनच जा आणि पाणी फिरायच्या आत वर या. दगड उलटलात तर होता तसा ठेवा. कातळाला धरलेलं शेवाळ उपटू नका. हातात घेऊन पाहायचं असेल तर लाटेने टाकलेलं उचला आणि पाण्याच्या भांड्यात सोडून पाहा. काय दिसलं, कुठे दिसलं, कोणत्या तारखेला दिसलं हे लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास त्याच कातळावर पुन्हा जा.